वॉरंटी संपली, आता एएमसी घ्यायची की पक्कड हातात धरायची?

जुळे सोलापुरातल्या माझ्या मावसभावाच्या टॉप लोड, म्हणजे वरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, घ्या म्हणून कंपनीचे फोन सुरू झालेत. परवा त्याने विचारलं, "दादा, तू काय केलंस?" मी दोन्ही करून बघितलंय. वॉरंटीनंतर पहिली २ वर्षं एएमसी घेतली. त्यानंतर ३ वर्षं झाली, मशीन घरीच सांभाळतोय आणि जिथे माझा हात चालत नाही तिथे नवी पेठेकडून येणाऱ्या एका मेकॅनिकला बोलावतोय. मावसभावाला फोनवर सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण त्याच्यासारखे विचारणारे बरेच आहेत.

आधी एएमसीबद्दल, आणि चांगलं तेच आधी. वर्षातून दोनदा माणूस येऊन मशीन उघडून साफ करून द्यायचा. मधला स्क्रू काढून त्याने पल्सेटर, म्हणजे टबाच्या तळाची फिरणारी चकती, उचलला तेव्हा खालून निघालेला काळा गाळ, एक रुपयाचं नाणं आणि केसांच्या पिना बघून आई दोन दिवस हळहळत होती. भाग बदलायची वेळ आली तर तो कंपनीचाच मिळणार ही खात्री असते. सर्किट बोर्ड गेला तर त्या एका दुरुस्तीत एएमसीचे पैसे वसूल होतात, हेही खरं. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होतं आणि नव्या मशीनमध्ये सगळ्यात महागडी, सगळ्यात नाजूक वस्तू तीच. तेव्हा बोर्डाची धास्ती वाटत असेल तर एएमसीचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही.

पण कागद नीट वाचा. माझ्या करारात रबर आणि प्लॅस्टिकचे भाग धरलेले नव्हते. पाणी आत आणणारा इनलेट पाइप, बाहेर सोडणारा ड्रेन पाइप, लव गोळा करणारी लिंटची पिशवी, वरचं झाकण, सगळं वेगळ्या पैशांत. मोटरला तर बहुतेक कंपन्या आधीच वेगळी लांब मुदतीची वॉरंटी देतात. ती बिलाबरोबर आलेल्या कार्डावर छापलेली असते आणि एएमसी घेतली नाही तरी चालू राहते. म्हणजे मोटरच्या भीतीपोटी कोणी करार घेत असेल तर त्याने आधी ते कार्ड शोधावं.

आता ज्या एका गोष्टीने माझं मन फिरलं ती सांगतो.

सोलापूरकराला पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. उजनीचं पाणी १०० किलोमीटरहून जास्त पाइपातून येतं आणि आमच्या भागात ते चौथ्या-पाचव्या दिवशी सुटतं. धुण्याचा दिवसही मग तोच. त्या दिवशी पहाटे पाणी आलं, हौद भरला, मोटर लावून गच्चीवरची टाकी भरली आणि चार दिवसांचे कपडे घेऊन आई मशीनपाशी आली. बघतो तर टबात पाणी करंगळीएवढ्या धारेने पडतंय. बराच वेळ वाट पाहून मशीनने बीप दिले आणि पाणी येत नसल्याचा कोड दाखवला.

कंपनीला फोन केला. तक्रार नोंदवली गेली, मेसेज आला, तिसऱ्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान माणूस येईल. मी रजा टाकली. तो साडेचारला आला. नळ बंद केला, मागचा इनलेट पाइप सोडवला, पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडातली बोटाच्या पेराएवढी जाळी पकडीने ओढून काढली, जुन्या टूथब्रशने नळाखाली घासली, परत बसवली. पाच मिनिटं. एक पैसा घेतला नाही, ओटीपी घेऊन निघून गेला. बोलायला वागायला माणूस अगदी सज्जन, त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

पण तोवर आईने आणि बायकोने सगळे कपडे हातांनी धुतले होते आणि टाकी तळाला गेली होती. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तेच. तोच कोड, तशीच रजा, तीच जाळी. तिसऱ्यांदा पाण्याच्या दिवशी बीप वाजले तेव्हा मी फोन उचललाच नाही, पक्कड उचलली.

माझ्या मते सोलापुरात निर्णय इथे होतो. आपल्याकडे मशीन सगळ्यात जास्त वेळा ज्या कारणाने थांबतं ते कारण घरचा कोणीही दहा मिनिटांत दूर करू शकतो, आणि ते येतं नेमकं अशा दिवशी, जेव्हा तीन दिवस थांबणं परवडत नाही. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं ते गढूळ असतं, तो गाळ हौदात बसतो, हौदातून टाकीत जातो, टाकीतून जाळीवर. करार कितीही चांगला असला तरी हा गाळ थांबत नाही. दुसऱ्या शहरात, जिथे रोज पाणी येतं, तिथे हा हिशेब कदाचित वेगळा निघेल.

जाळी काढताना काही गोष्टी सांभाळायच्या. आधी प्लग काढायचा, नळ बंद करायचा, पाइपातलं उरलेलं पाणी खाली बादलीत घ्यायचं. जाळीच्या मधोमध छोटासा उंचवटा असतो, तो पकडीने हलकेच धरून सरळ ओढायचा. जाळीत सुई किंवा टाचणी खुपसायची नाही. भोक पडलं की गाळ थेट व्हॉल्व्हच्या आत जातो, तिथला पडदा नीट बसत नाही, आणि मग मशीन बंद असतानाही टबात पाणी ठिबकत राहतं. काही जण कंटाळून जाळीच काढून टाकतात, त्यांच्याकडे हेच होतं. पाइप परत लावताना आतला रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बघायचं आणि हातानेच घट्ट करायचं.

जाळी साफ करूनही धार बारीक असेल तर पाइपाचं मशीनकडचं टोक बादलीत सोडून नळ उघडून बघा. बादलीत पाणी जोरात पडत असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये. बादलीतही रडतखडतच पडत असेल तर मशीनचा काही दोष नाही, दाब कमी आहे. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार दाब हवा असं लिहिलंय. म्हणजे पाण्याची पातळी नळापेक्षा साधारण ३ मीटर, दहा फूट वर हवी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी डोक्यावर जेमतेम चार-पाच फूट असते. त्यांनी कितीही मेकॅनिक बदलले तरी उपयोग नाही. टाकी उंच चौथऱ्यावर घ्या किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. तोवर टॉप लोडची एक मोठी सोय हाताशी आहे: वरून बादलीने पाणी ओता. पातळी पुरी झाली की मशीन स्वतःच धुवायला सुरुवात करतं.

दुसरा आपल्या गावचा प्रश्न चादरीचा. सोलापुरी चादर आणि टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, घराघरात दोन्ही असतात, आणि मशीनला दोन्ही जड जातात. एकटी चादर टाकली की ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते. स्पिन सुरू झाला की टब आपटतो, मशीन थांबतं, पुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करू बघतं, पुन्हा आपटतं. चार दिवसांचं पाणी जपून वापरणाऱ्या घरात हे बघवत नाही. एएमसीवाल्या माणसाने "लोड कमी टाका" एवढंच सांगितलं होतं. खरा उपाय आमच्या नवी पेठेच्या मेकॅनिकने दाखवला. चादर घडी न करता पल्सेटरभोवती गोल पसरायची आणि सोबत दोन-तीन टॉवेल समोरच्या बाजूंना टाकायचे. एकट्या चादरीपेक्षा हा लोड जास्त असूनही मशीन शांत फिरतं. तरीही आपटत असेल तर पाय बघा. चारही कोपरे दाबून मशीन कुठे डुलतं का ते पाहायचं आणि तो पाय फिरवून टेकवायचा. शेवटी रिकामा टब दोन हातांनी खाली दाबून सोडायचा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक. झुल्यासारखा हलतच राहिला तर टब तोलून धरणारे आतले सस्पेन्शन रॉड थकलेत, ते बदलायला माणूस लागणार.

टॉवेलची लव हा त्याचाच पुढचा भाग. नवा टॉवेल पहिल्या तीन-चार धुण्यांत इतकी लव सोडतो की लिंटची पिशवी एका वेळेत भरते. आम्ही ती प्रत्येक धुण्यानंतर उलटी करून धुतो, वाळवतो. फाटली की नवी घ्यायची, किंमत किरकोळ असते.

पाणी बाहेर जात नसेल तर आधी ड्रेन पाइप बघा. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. आमचा पाइप मोरीच्या उंबऱ्यावरून नेला होता, तेवढ्या उंचीनेही पाणी मागे राहायचं आणि मशीन कोड दाखवायचं. उंबऱ्याला खाच पाडून पाइप जमिनीलगत घेतला, कोड परत आला नाही.

बोअरच्या पाण्यावर धुणाऱ्यांना क्षाराचा वेगळा त्रास. टबाला, पल्सेटरखाली पांढरा थर धरतो, कपडे कडक आणि करडे होतात. मी महिन्या-दीड महिन्यातून एकदा रिकाम्या टबात गरम पाणी बादलीने ओतून, त्यात मूठभर लिंबूसत्व विरघळवून, थोडं फिरवून तासभर ठेवतो आणि मग पूर्ण सायकल लावतो. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर टाकलं त्या वेळी ब्लीच अजिबात घालायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवलं की वासाचा प्रश्न निम्मा मिटतो. हाताने धुण्याची पावडर मशीनमध्ये नको, फेसाने टब नीट पाणी सोडत नाही.

घरच्या देखभालीला मर्यादा आहेत, त्या मी मानतो. मशीन गुणगुणतं पण फिरत नाही, तेव्हा संशय मोटर सुरू करून देणाऱ्या कपॅसिटरवर असतो, आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. त्याला मी हात लावत नाही. रबर जळल्याचा वास आला तर पट्टा घसरतोय असं समजून मशीन बंद करतो. अंगाला झिणझिण्या आल्या तर मेकॅनिकच्याही आधी अर्थिंग तपासून घेतो. बोर्ड, गिअर, क्लच हे माझ्या आवाक्याबाहेरचं.

आमचा मेकॅनिक बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी येतो. ३ वर्षांत त्याला तीनदा बोलावलं. व्हॉल्व्ह, पट्टा आणि कपॅसिटर, तिन्हींचा मिळून खर्च माझ्या एका वर्षाच्या एएमसीपेक्षा कमी झाला. खोट एवढीच, की भाग कंपनीचा आहे की नकली हे ओळखणं कठीण. मी जुना भाग हातात घेऊन दुकानात त्याच्यासोबत जातो, त्यावरचा नंबर जुळवतो. इतका वेळ ज्याच्याकडे नाही त्याला हे जमणार नाही, हे मला समजतं. घरात फक्त म्हातारे आईवडील आहेत, मुलं पुण्या-मुंबईला आहेत, अशा घरासाठी मीही एएमसीच सुचवेन. ओळखपत्र लावून येणारा माणूस त्यांना बरा वाटतो, आणि मशीनच्या मागे वाकायला त्यांना सांगणं योग्य नाही. ज्याच्या मशीनचा बोर्ड एकदा जळून बदललाय, त्यानेही एखादं वर्ष करारात राहायला हरकत नाही.

मावसभाऊ आणि वहिनी दोघंही नोकरीला. तीन दिवस वाट बघून रजा टाकणं दोघांनाही अवघड. गेल्या रविवारी त्याच्याकडे गेलो तेव्हा चहाच्या आधी प्लग काढला, नळ बंद केला आणि इनलेट पाइप सोडवला. २ वर्षांत ती जाळी एकदाही निघाली नव्हती. पकडीने ओढली तसा मातकट गाळ त्याच्या तळहातावर आला. त्याने स्वतः ती ब्रशने घासली, बसवली, मशीन लावलं आणि झाकण उघडून धार बघत उभा राहिला. दुपारी कंपनीचा फोन आला तेव्हा त्याने "पुढच्या आठवड्यात सांगतो" म्हटलं, आणि मला आमच्या मेकॅनिकचा नंबर मागितला.