कॉम्पॅक्ट की स्टँडर्ड? आधी लहान चेनरिंग बघा

रोड बाईक, म्हणजे रस्त्यावरची वेगवान सायकल, घेताना नजर आधी मोठ्या चेनरिंगवर जाते, म्हणजे पेडलपाशी असलेल्या दोन दातेरी चक्रांपैकी मोठ्यावर. या चक्रांच्या स्टँडर्ड जोडीत मोठ्याला 53 दाते, कॉम्पॅक्ट जोडीत 50. म्हणजे 53 वेगवान, असं वाटतं. हिशोब मात्र वेगळं सांगतो. मागे 11 दात्यांचं चक्र आणि पेडलचे मिनिटाला 90 फेरे धरले, तर 50 वर ताशी 51 किलोमीटर निघतात, 53 वर 54. सपाटीवर एकट्याने एवढा वेग टिकवणारे आपल्यात विरळाच. खरा फरक आहे लहान चेनरिंगमध्ये: स्टँडर्डला 39 दाते, कॉम्पॅक्टला 34.

शहरात 39 मला मनापासून आवडते. मुलुंडहून सायनकडे निघालात की 39–17 वर (पुढे 39, मागे 17 दाते) आरामात 26 चा वेग राहतो. सिग्नल, बसचा थांबा, पुन्हा वेग, सगळं मागच्या गिअरवरच भागतं. कॉम्पॅक्टवर वेग तिशीला आला की 34 वर चेन मागच्या लहान चक्रांकडे तिरकी ओढली जाते. 50 वर टाकलं, तर 16 दात्यांची उडी. मागे लगेच दोन गिअर हलके करावे लागतात. सवयीने जमतं, पण गर्दीत त्रास होतोच.

घाटात मात्र पारडं फिरतं. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडचा चढ घ्या. वेग ताशी 8 वर आला की 39–28 वर मिनिटाला जेमतेम 45 फेरे होतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. 34–28 वर 52 होतात, 34–32 वर साठ. ऑक्टोबरच्या उकाड्यात हाच फरक चढून जाणं आणि उतरून ढकलणं यातला ठरतो. येऊरच्या चढावरही तेच.

म्हणून पहिली रोड बाईक असेल आणि लोणावळा मनात असेल, तर बिनदिक्कत कॉम्पॅक्ट घ्या. पाम बीच रोडवर ग्रुपमध्ये जोरात चालवणाऱ्यांनी आणि पायात ताकद असलेल्यांनीच स्टँडर्डचा विचार करावा. 52 आणि 36 दात्यांच्या चेनरिंगची जोडी हा मधला पर्याय घाटाची सवय झालेल्यांना चांगला.

हाताशी आधीच स्टँडर्ड असेल, तर क्रँक, म्हणजे चेनरिंग आणि पेडल जिथे बसतात तो भाग, बदलायची घाई नको. चेनरिंगच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास 130 मिलिमीटर असलेल्या जुन्या क्रँकवर 34 ची चेनरिंग बसतच नाही, अख्खा क्रँक घ्यावा लागतो. त्यापेक्षा मागे 32 दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) टाका: 39–32 जवळपास 34–28 इतकाच हलका पडतो. फक्त मागचा डेरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) 32 झेपवतो का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्या; चेनही बहुधा थोडी लांब लागेल.