मामाचा पेंटॅक्स के१०००, आठ महिन्यांनंतर

कॅमेरा माझ्या मामाचा आहे, मी विकत घेतलेला नाही, त्यामुळे पैसे घातलेत म्हणून कौतुक करतेय असं नाही हे आधीच सांगून टाकते. मामा सिन्नरला राहतो, एसटीत मेकॅनिक होता. ८८-८९ च्या सुमारास त्याने दुबईतल्या मित्राकडून हा पेंटॅक्स के१००० मागवला आणि आमच्या पिढीतली सगळी बारशी, मुंजी, अर्धी लग्नं यानेच काढलीयेत. मग डिजिटल आलं, रोल मिळेनासे झाले आणि हा गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली डांबरगोळ्यांच्या वासात वीसेक वर्षं पडून राहिला. गेल्या भाऊबीजेला मामा आमच्याकडे आला तेव्हा पिशवीतून काढून माझ्या हातात दिला, म्हणाला, "अगं, तू दिवसभर मोजमापंच करतेस ना, तुला जमेल." मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज हेच माझं रोजचं काम. मोजमापाचा आणि फोटोचा काय संबंध ते मला तेव्हा काही कळलं नव्हतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. १९७६ ला आला आणि १९९७ पर्यंत बनत होता, म्हणजे एकवीस वर्षं जवळपास तेच मॉडेल. सगळं यांत्रिक. शटर कापडाचं, आडवं धावणारं, १ सेकंदापासून १/१००० पर्यंत, शिवाय बल्ब, म्हणजे बटण दाबून धरलं तेवढा वेळ शटर उघडं. बॅटरी फक्त आतल्या लाइट मीटरसाठी, सेल संपला तरी कॅमेरा चालतो. सेल्फ टायमर नाही, फोकसची जाडी (किती ते किती अंतर शार्प येणार) आधी बघायची सोय नाही, ऑटो तर काहीच नाही. डोळा लावायच्या काचेतून बघितलं की उजवीकडे एक सुई दिसते, ती मध्यावर आली की लाइट बरोबर. शटर स्पीड कितीवर आहे ते मात्र आत दिसत नाही, डोळा काढून वर डायल बघावी लागते, आणि याची सवय व्हायला मला दोन महिने लागले. माझ्याकडे लेन्स एकच, ५० एमएम एफ २ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं आणि फोकसची जाडी कमी). सगळं मिळून वजन पाऊण किलोच्या वर जातं, गळ्यात दिवसभर अडकवलं तर मान बोलते.

हातात आला तेव्हा अवस्था वाईट होती. मागचं दार उघडलं तर कडेच्या खाचेतला फोम काळ्या गुळासारखा चिकट झालेला, बोटाला लागला की निघता निघत नव्हता. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखा फंगस. सुई हलतच नव्हती, सेल आत फुटून पांढरी पूड झालेली. घाईघाईत रोल घालू नका, हे माझं पहिलं सांगणं. तो फोम म्हणजे दाराच्या फटीतून उजेड आत येऊ नये म्हणून लावलेलं सील असतं, ते गेलं की अख्ख्या रोलवर लालसर पट्टे येतात. मी मुंबईला फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला एका जुन्या कारागिराकडे दिला, साडेतीन हजार आणि तीन आठवडे लागले. सील बदलली, आरशावरचा फोम बदलला, लेन्स उघडून साफ केली, शटरचं जुनं वाळलेलं ग्रीस काढलं. ग्रीस वाळलं की १/१००० ला शटरचे दोन पडदे सारख्या वेगाने धावत नाहीत आणि फोटोची एक कड काळपट येते. कुणी जुना के१००० विकत घेत असाल तर मागचं दार उघडून, कोऱ्या भिंतीकडे धरून सगळ्या स्पीडला शटर मारून बघा आणि वरच्या स्पीडला पूर्ण चौकट उजळतेय का ते बघा.

पहिला रोल वाया गेला. छत्तीस फोटो काढले, काउंटर छत्तीसवर आला, आणि फिल्म जागची हललीच नव्हती, कारण तिचं टोक उजवीकडच्या रिळात नीट अडकलं नव्हतं. काउंटर आपला पुढे सरकत राहतो, त्याला आत काय चाललंय ते माहीत नसतं. त्या रोलवर आजीचा पंचाहत्तरीचा वाढदिवस होता. आजही आठवलं की पोटात कालवतं. तेव्हापासून प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची खुंटी फिरतेय का ते बघते. ती फिरली म्हणजेच फिल्म सरकली. ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर तो वाढदिवस हातात राहिला असता, म्हणून इतकं लांबण लावून लिहितेय.

आता फोकस. काचेच्या मध्यभागी एक छोटं वर्तुळ असतं, फोकस नसला की त्यातलं चित्र खडीसाखरेसारखं तुकड्या-तुकड्यांत चमकतं, रिंग फिरवत गेलं की तुकडे विरघळून सलग होतात. घरात, बसलेल्या माणसावर हे सोपं आहे. पण एफ २ ला एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकसची जाडी जेमतेम पाच सेंटीमीटर भरते, आजीच्या चष्म्यावर लावला तर कान गेला, आणि ती बोलता बोलता जराशी पुढे वाकली तर डोळेसुद्धा गेले. त्यानंतरच्या तीन रोलमध्ये माझे निम्मे फोटो हलके मऊ आलेत, आणि दर वेळी मला वाटायचं लेन्सच खराब आहे.

ते घेऊन सिन्नरला गेले. मामा निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाला, लेन्स चांगली आहे, तू फोकस शोधत बसतेस, तो आधी माहीत असायला पाहिजे. मग मला गोंदेश्वराच्या देवळात घेऊन गेला आणि बाहेरच्या ओट्यावर उभं राहून विचारत सुटला, तो खांब किती लांब, ती पायरी किती, तो बसलेला पोरगा किती. मी सांगायचे, तो दुरुस्त करायचा. माझ्या पर्समध्ये कंपनीचा टेप होता, मी मोजायला लागले. मामा म्हणाला सहा मीटर, टेप म्हणाला सहा मीटर दहा. मी आठ म्हटलं होतं! मी रोज मायक्रॉनमध्ये काम करते आणि मला समोरचा खांब किती लांब आहे ते सांगता येत नव्हतं, हे मला खरंच लागलं.

तिथून पुढे दोन महिने मी हेच केलं. बस स्टॉपवर उभी असले की समोरच्या टपरीपर्यंतचं अंतर मनात धरायचं, मग पावलांनी मोजायचं. माझं पाऊल पासष्ट सेंटीमीटरचं आहे. लेन्सवर अंतराचे आकडे असतात आणि त्याच्या शेजारी दोन्ही बाजूंना एफच्या खुणा असतात, त्यांचा उपयोग मला तेव्हा कळला. एफ ८ ला तीन मीटरवर रिंग ठेवली की साधारण सव्वादोन ते सव्वाचार मीटरमधलं सगळं चालण्यासारखं शार्प येतं. मग काचेत फोकस बघायचाच नाही, माणूस त्या पट्ट्यात आला की बटण. सकाळी साडेसहाला गोदाघाटावर मी आता असंच काढते. रामकुंडाच्या पायऱ्यांवर ओलं धोतर पिळणारे आजोबा, नारोशंकराच्या देवळापाशी फुलांच्या टोपल्या मांडणाऱ्या बायका, त्यांना कॅमेरा डोळ्याला लागून खूप वेळ रोखलेला आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. अंतर आधीच लावलेलं असलं की एक सेकंद पुरतो.

याची खरी परीक्षा रंगपंचमीला झाली. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिकला जुन्या गावात रहाडी आहेत, दगडात बांधलेले मोठे हौद, वर्षभर बुजवलेले असतात आणि रंगपंचमीला उघडून रंगाने भरतात, पोरं त्यात धप्पा मारतात. तिवंध्याला, तिथल्या रहाडीसमोर, ओळखीच्यांच्या गॅलरीत उभी राहिले, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड, फक्त लेन्स बाहेर. ४०० चा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा ब्लॅक अँड व्हाइट रोल, गल्लीत सावली म्हणून एफ ८ आणि १/२५०, रिंग पाच मीटरवर. खुणांप्रमाणे साडेतीन ते साडेनऊ मीटर माझ्या हातात. पोरगा हवेत असताना रिंग फिरवायला वेळच नसतो, उडी अर्ध्या सेकंदाची असते. छत्तीसपैकी एकवीस फोटो चांगले आलेत आणि त्यातला एक मी मोठा करून फ्रेम केलाय, तिघंजण हवेत आहेत आणि खाली पाण्यावर अजून एक थेंब उडालेला नाही.

लाइटचं मीटर चांगलं आहे पण भोळं आहे. त्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं असावं असं वाटतं. संक्रांतीला येवल्याला गेले होते, तिथे गच्चीगच्चीवर आसारी (मांजाची फिरकी) घेतलेली माणसं, वर पतंगांनी भरलेलं आभाळ, मी सुई मध्यावर आणून काढत गेले आणि सगळी माणसं काळी सावली होऊन आली, कारण मीटर आभाळ बघत होतं. गोंदेश्वराच्या काळ्या दगडावर उलटं झालं, दगड राखाडी आणि फिका आला. मामाची पद्धत अशी की ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, त्यावर लाइट घ्यायचा, आणि एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे उजेड दुप्पट द्यायचा. आठ महिन्यांत मला यापेक्षा भरवशाची पद्धत सापडलेली नाही. उन्हातून एकदम काळोख्या खोलीत गेलात तर सुईला सावरायला थोडे सेकंद द्या, तिचा सेन्सर हळू जागा होतो. आणि मीटरला बंद करायचं बटणच नाही! लेन्सचं झाकण लावलं की अंधार होतो आणि सेल वाचतो, इतकंच. मी सुरुवातीला झाकण न लावता ठेवायचे, महिन्यात सेल गेला. एलआर४४ सेल मेन रोडला कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

रोल धुण्याचं मात्र अवघड आहे. गावातल्या एका लॅबमध्ये पहिला कलर रोल दिला, स्कॅन काळपट आले आणि निगेटिव्ह कापताना दोन फोटो मधोमध कापले गेले. विचारलं तर म्हणे आता कोण बघतं निगेटिव्ह. मी बघते, म्हणून कलर आता कुरियरने मुंबईला पाठवते. रोल हजाराच्या आसपास, धुणं, स्कॅन आणि कुरियर सातशे, म्हणजे एका फोटोला सत्तेचाळीस रुपये. हे परवडतं असं मी म्हणणार नाही. महिन्याला एक कलर रोल ही माझी मर्यादा आहे.

ब्लॅक अँड व्हाइट घरी धुते आणि मला ते काढण्याइतकंच आवडतं. एचपी५ या फिल्मचा रोल डी-७६ नावाच्या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल), २० डिग्रीला साडेसात मिनिटं. एप्रिलमध्ये नाशिकला टाकीचं पाणी चौतीस डिग्री येतं, मग घमेल्यात बर्फ, त्यात केमिकलच्या बाटल्या, थर्मामीटर लावून बसायचं. डेव्हलपर तापलेला राहिला तर वेळ इतका कमी होतो की फिल्मवर डाग-पट्टे येतात, म्हणून बर्फाचा कंटाळा करू नका. फिल्म धुवायच्या छोट्या टाकीत भरायचं काम पूर्ण अंधारात असतं, रात्री अकरा वाजता बाथरूममध्ये, आणि दाराच्या खालच्या फटीला बाहेरून टॉवेल लावायचं काम आईकडे. हात घामाने ओले असले तर प्लास्टिकच्या रिळात फिल्म अडकते आणि पुढेही जात नाही, मागेही येत नाही, अशी एकदा मी चाळीस मिनिटं आत होते आणि आई बाहेर टॉवेल धरून बसली होती, मध्ये मध्ये विचारत होती, झालं का गं. मला तेव्हा दादासाहेब फाळके आठवले. आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म, सिनेमाच्या आधी फोटोग्राफी करायचे. पहिल्या सिनेमाच्या वेळी कच्ची फिल्म कडेची भोकं न पाडलेली यायची आणि ती भोकं घरात अंधारात बसून पाडावी लागायची, त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने हात लावायच्या. आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग त्या बाईंचाही फोटो लावायला पाहिजे कुठेतरी.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. फंगस एकदा येऊन गेलेली लेन्स पुन्हा धरते, म्हणून जूनपासून कॅमेरा चामड्याच्या केसमधून काढलाय, चामडं ओल धरतं. हवाबंद स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, पुड्यांचा निळा रंग गेला की तव्यावर गरम करून परत वापरते. रोल फ्रिजमध्ये असतात, काढल्यावर दोन तास डबी उघडत नाही, नाहीतर दव धरतं.

काय जमत नाही तेही सांगते. नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला गेले, ५० एमएमने फ्लेमिंगो म्हणजे पाण्यावर ठिपके, त्यासाठी हा कॅमेरा नेऊच नका. रात्रीच्या मिरवणुकीत काचेतलं वर्तुळ काळवंडतं, फोकस दिसत नाही. फ्लॅश १/६० च्या वर चालत नाही, म्हणजे दिवसा उन्हात फ्लॅश वापरणं अवघड. आणि लहान मुलं, भाचा आता दीड वर्षाचा आहे, तो तीन मीटरच्या पट्ट्यात एक क्षणही थांबत नाही.

सध्या आत जो रोल आहे तो एकोणतीसवर आलाय. मामाला आता काचेतली ती बारीक सुई दिसत नाही, आणि त्याने वीस वर्षांत बटण दाबलेलं नाही, पण अंतर त्याला अजून माझ्यापेक्षा चांगलं कळतं. रविवारी सिन्नरला जातेय. लाइट मी बघून सांगणार, रिंग तो लावणार, आणि उरलेले सात त्याचे.