तीन बादल्या पाणी वाचवलं, फरशी फोडावी लागली

गुडघ्यांमुळे आईला जिना होईना, म्हणून लातूरच्या घरातली गाडीची शेड बंद करून तिच्यासाठी खोली काढली. भिंत, खिडकी, पलंग, सगळं नीट झालं. फसलो ते जमिनीखाली, संडास-बाथरूमच्या लाइनमध्ये. काम सामानासकट अंगावर दिलं होतं, ४२ हजारांत.

लाइन बुजवायच्या आधी भरून बघायची असते, एवढं मला ठाऊक होतं. चेंबरकडचं तोंड बंद करायचं, पाणी भरायचं, वर पेन्सिलीची खूण करायची आणि काही तासांनी पाणी उतरलं का ते बघायचं. मी तसं म्हटलं तर मिस्त्री हसला. "सर, लोकायला प्यायला मिळंना, आन तुम्ही संडासच्या पाईपात पाणी भरायलाव?"

मी गप्पच झालो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. नळ आला की पातेलीसुद्धा भरून ठेवणारी माणसं आम्ही. कुठं बोट ठेवायचं ते त्याला बरोबर कळलं होतं. मी शाळेतून येईपर्यंत वर पीसीसी, म्हणजे काँक्रीटचा थर, पडलेलं.

महिनाभरानं कोपऱ्यातल्या फरशीच्या सांध्यांतून काळपट ओल आली. वासावर आईनं आधी उदबत्त्या लावून बघितल्या. मग एक दिवस संडासात बादली ओतली, तर नहाणीतून पाणी उलटं वर आलं.

दुसऱ्या प्लंबरनं फरशी फोडली. पाईपवरची माती अंगठ्यानं पुसून त्यानं मला छापील अक्षरं वाचायला लावली: टाइप ए. ठरला होता टाइप बी. दिसायला दोन्ही सारखेच, पण ए पातळ, पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या नळीला चालतो. मैल्याला बी लागतो. एका सांध्याला तर ना सोल्युशन ना रबरी रिंग. ओढताच हातात आला.

खरी गोम ढाळात होती. शेड घराच्या जोत्यापेक्षा खाली, चेंबर १६ फुटांवर. ४० फुटांना १ फूट धरला तरी जवळजवळ ५ इंच उतार हवा, आणि भराव टाकून जमीन उचलल्याशिवाय तो मिळतच नव्हता. पहिल्या दिवशी लेव्हलची नळी धरली असती तरी कळलं असतं. (मिस्त्रीलाही कळलं असणारच.) भरावाचा खर्च त्याच्याच अंगावर येत होता, म्हणून लाइन सपाट टाकली. शेवटच्या हातभर तर चेंबरकडे चढच होता. गिझरलाही गरम पाण्याच्या सीपीव्हीसीऐवजी साधा पांढरा पाईप. गिझर अजून जोडला नव्हता, हे नशीब.

नंतर हिशेब केला. ११० मिमीचा १६ फूट पाईप भरायला साधारण ४० लिटर लागतं. तीन बादल्या. तेही पाणी नंतर पीसीसीवर मारता आलं असतं.

उरलेले पैसे मिस्त्रीनं फरशी बसायच्या आधीच पोराच्या फीचं सांगून नेले. आता फोन उचलत नाही. ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं, तर वकील मित्रानं बिल मागितलं. मी चिठ्ठी पुढं केली. तिच्यावर ना नाव, ना सही. 'टाइप बी' तेवढं स्पष्ट लिहिलेलं, तेही माझ्याच अक्षरात. मिस्त्री सांगत होता आणि मी लिहून घेत होतो.