पहाटेच्या रियाजासाठी नऊ महिने ॲपं वापरली, त्यातली टिकली किती

गेल्या ऑक्टोबरात गाण्याच्या बाईंनी ऐकवलं, "रात्री दहाला दमलेल्या गळ्यानं खर्ज लावून काय होणार? पहाटे बसा." लेकाची शाळेची बस पावणेसातची. म्हणजे मला मोकळा तास एकच, पाच ते सहा. आणि गजर बंद करून परत झोपण्यात माझा हात कोणी धरणार नाही. फोनचीच मदत घ्यायची ठरवली.

पहिलं ॲप अलार्मी. यात गजर थांबवायचा तर काहीतरी काम करावं लागतं : गणित सोडवा, फोन हलवा किंवा आधी नोंदवलेला बारकोड स्कॅन करा. गणितं आठवड्याभरात निकामी झाली. सत्तावीस अधिक अठ्ठेचाळीस मी पांघरुणातून हात बाहेर काढून करायला लागले आणि पुन्हा घोरायला मोकळी. बारकोड मात्र जमला. चहापत्तीच्या पुड्याचा नोंदवला होता. ओट्यापर्यंत गेलं, पुडा हातात आला की चहा ठेवलाच जातो.

डिसेंबरात सासूबाईंनी चहापत्ती डब्यात ओतली आणि पुडा टाकून दिला. पाच वाजून पाच मिनिटांनी घरभर भोंगा, आणि मी टॉर्च घेऊन केराच्या डब्यात. पुडा सापडला, पण ओल्या सालांनी बारकोड माखलेला. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांचीच पहाट झाली. तेव्हापासून एका जुन्या पाककृतींच्या पुस्तकाचा बारकोड नोंदवलाय. पुस्तक संपत नाही, आणि ते बसायच्या चटईवरच ठेवते.

एक सूचना. सुरुवातीला दोनदा गजर वाजलाच नव्हता. मी ॲपला शिव्या घातल्या, पण ते ॲप फोननंच बंद पाडलं होतं. बॅटरी वाचवण्यासाठी काही फोन मागे चालणारी ॲपं मारून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन गजराच्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन आधी काढा.

जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पाचला मिट्ट काळोख आणि वर थंडी. म्हणून हळूहळू उजळणारा स्मार्ट बल्ब घेतला. वीस मिनिटांत मंद केशरीपासून पांढऱ्यापर्यंत जातो आणि डोळ्यांना खरंच बरं वाटतं. पण भिंतीवरचं बटण बंद असेल तर हा शहाणा बल्ब साधा काचेचा गोळा असतो. सासूबाई झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करतात, त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मी बटणावर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं लिहिलं. त्यांनी पट्टी काढली, बटण पुसलं आणि बंद केलं. मेमध्ये सहाच्या आसपास उजाडायला लागलं, तेव्हा बल्ब खोक्यात गेला.

स्मार्ट घड्याळावरच्या झोपेच्या गुणांबद्दल फार लिहीत नाही. मनगटाची हालचाल आणि नाडी यांवरून ते गाढ झोपेचा अंदाज बांधतं, मेंदूपर्यंत काही पोचत नाही. छान झोपून उठलेल्या दिवशी त्यानं 61 गुण दिले की मला उगाच थकवा जाणवायचा. अशा आकड्यांच्या मागे लागून झोप बिघडवून घेण्याला 2017 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असं नावही दिलंय. मार्चपासून रात्री घड्याळ काढून ठेवते.

सवय नोंदवायला लूप हॅबिट ट्रॅकर. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. एक दिवस चुकला म्हणून आकडा शून्यावर येत नाही, थोडासा घसरतो. फेब्रुवारीत लेक तापानं आजारी होता, पाच दिवस बुडाले. साखळी तुटली की सोडून देणाऱ्यातली मी, पण आलेखाची थोडी उतरण बघून सहाव्या दिवशी बसले.

खरं काम केलं ते तानपुरा ड्रॉइडनं, म्हणजे फोनवर तानपुरा वाजवणाऱ्या ॲपनं. पहाटे आवाज खाली असतो, म्हणून तेव्हा सा पांढरी पाचवर, संध्याकाळी बाईंकडे थोडा वर, काळी चारवर (पेटीच्या पट्ट्यांची ही नावं). हा बदल दोन सेकंदांत होतो. माझ्या खऱ्या तानपुऱ्याच्या तारा सकाळी जुळवायला बसले तर त्यातच वीस मिनिटं जातात. ललित राग घेतला की पंचम (प) वर्ज्य, मग एरवी पंचमाला असलेली पहिली तार मध्यमाला (म) लावायची, तेही इथं होतं. जवारीची, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी, ती झणकार नाही मिळत, ते मान्य. बाईंना अजून पटलेलं नाही. पण फ्लॅटमध्ये पहाटे पाचला एका कानात इअरफोन घालून, दुसऱ्या कानानं स्वतःचा दबका खर्ज ऐकत बसता येतं, ही सोय लाकडाच्या तानपुऱ्यात नाही.

अडचण वेगळीच निघाली. त्याच फोनवर सोसायटीचा ग्रुप. पाणी येणार नाही, टँकर मागवलाय, आणि वीस सुप्रभात. संदेश आला की षड्ज (सा) लावलेला असतानाच डोळे स्क्रीनवर. एप्रिलमध्ये कपाटातला जुना फोन काढला. सिम नाही, वायफाय बंद, गजर आणि तानपुरा एवढंच ठेवलं. त्याआधी महिन्यात पंधरा-सोळा दिवस बसणं व्हायचं, मेमध्ये सव्वीस झाले. पैसे खर्च केले बल्ब-घड्याळावर, कामी आला तो तडा गेलेला फोन.

त्याची बॅटरी अर्धा तासही टिकत नाही, म्हणून चार्जरला लावून, वायरनं छोट्या स्पीकरला जोडते. त्यात विजेची गुणगुण येते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ती पांढरी पाचच्या षड्जाच्या अगदी किंचित वर पडते, आणि अर्धवट झोपेत माझा सा तिकडे ओढला जातो. यावर कोणाकडे स्वस्तातला उपाय असेल तर जरूर सांगा.