एमबीए: नोकरी सोडून की नोकरीत राहून?

भाची आणि जावई पेचात आहेत. तिने नोकरी सोडून दोन वर्षांचं एमबीए करावं, की शनिवार-रविवारचं? कॉलेजांच्या पॅकेजच्या जाहिराती बाजूला ठेवू.

कर्ज: पूर्णवेळात फी जातेच, वर पगारही बुडतो. हप्ते सहसा शिक्षणानंतर सुरू होतात, व्याज मात्र तोवर साचतं. शैक्षणिक कर्जावरची आयकर सवलत फक्त व्याजावर, तीही जुन्या करप्रणालीत.

मूल: खरी गोम इथे. २६ आठवड्यांच्या पगारी प्रसूती रजेसाठी आधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. विद्यार्थिनीला ती कुठून मिळणार?

दमछाक नोकरीसोबतच जास्त, आजी मदतीला असली तरी.

क्षेत्र बदलायचंय, पाळणा लांबवता येतो? पूर्णवेळ करा. आहे तिथेच बढती आणि मूल लवकर हवं असेल, तर नोकरी सोडू नका.