वीस फ्रँकचा कोंबडा: संग्राहकाच्या नजरेतून एक फ्रेंच सोन्याचे नाणे

फ्रान्सच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांपैकी आज सर्वांत सहज मिळते ते 1899 ते 1914 या काळातील तारखा असलेले वीस फ्रँकचे नाणे. त्याच्या एका बाजूस प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेली मारियान आणि दुसऱ्या बाजूस कोंबडा असल्यामुळे संग्राहक त्याला नुसते ‘कोंबडा’ म्हणूनच ओळखतात. वजन 6.45 ग्रॅम, व्यास 21 मिलिमीटर आणि कस हजारी 900, म्हणजे शुद्ध सोने सुमारे 5.8 ग्रॅम आणि बाकीचे तांबे. या तांब्यामुळे नाण्याला किंचित लालसर झाक येते आणि हाताळताना ते शुद्ध सोन्यापेक्षा चांगले टिकते.

हे वजन कोंबड्याचे स्वतःचे नाही, ते 1803 च्या कायद्यातून आलेले आहे. बोनापार्ट प्रथम कॉन्सल असताना झालेल्या त्या कायद्यानुसार 900 कसाच्या एक किलो सोन्यातून वीस फ्रँकची 155 नाणी पाडायची असे ठरले, आणि पुढे सम्राट, बोर्बन राजे, लुई-फिलिप, दुसरे प्रजासत्ताक, तिसरा नेपोलियन आणि तिसरे प्रजासत्ताक अशी सत्तांची उलथापालथ होत राहिली तरी 1914 पर्यंत या आकड्याला कोणी हात लावला नाही. मुद्रा मात्र प्रत्येकाने बदलली, आणि तीही कधीकधी अर्धीच. 1808 पर्यंतच्या नाण्यांवर दर्शनी बाजूस ‘सम्राट नेपोलियन’ आणि मागे ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ असा मजकूर एकत्र नांदत होता, तो विरोधाभास 1809 च्या नाण्यांवर मिटला. या मापाची प्रतिष्ठा एवढी वाढली की 1865 साली फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी केलेल्या लॅटिन चलनसंघात तेच माप सर्वांनी मान्य केले.

कोंबड्याची रचना झ्यूल-क्लेमाँ शाप्लँ या पदककाराची आहे. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकचे विजेत्यांचे पदकही त्यानेच घडवले होते, आणि पदककाराचा हात इथे लगेच ओळखू येतो. मारियानच्या टोपीभोवती ओकच्या पानांचे वेष्टन आहे. भिंगाखाली पाहिल्यास पानांच्या शिरा आणि कानाजवळून निसटलेल्या केसांच्या बटा वेगळ्या दिसतात, पण गालाचा भाग मुद्दाम गुळगुळीत ठेवलेला असल्यामुळे प्रकाश तिथे स्थिरावतो. मागच्या बाजूचा कोंबडा छाती काढून उभा आहे आणि त्याच्या शेपटीचे पीस न् पीस मोजता येईल इतके रेखीव आहे. एवढ्याशा वर्तुळात इतके काम बसवूनही गर्दी वाटत नाही, हे शाप्लँचे खरे कौशल्य. माझ्या मते फक्त मूल्याचा आकडा कोंबड्याच्या दोन बाजूंना विभागून लिहिण्याची युक्ती थोडी ओढूनताणून केलेली वाटते.

त्याच्या आधीचे, 1871 ते 1898 चे, ‘जेनी’ म्हणजे पंखधारी देवदूताचे नाणे मला कल्पनेच्या दृष्टीने अधिक समृद्ध वाटते. ओग्युस्तँ द्युप्रे याने क्रांतीच्या काळात घडवलेली ही आकृती पाटीवर संविधान लिहीत उभी आहे. ज्या राजवटीसाठी ती कोरली ती कधीच लयाला गेली, पण आकृती 1848 मध्ये परतली आणि नंतर तिसऱ्या प्रजासत्ताकानेही तीच स्वीकारली. हे नाणे खिशात असल्यामुळे द्युप्रे गिलोटिनपासून वाचला ही कथा विक्रेते रंगवून सांगतात. ती ऐकावी, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. शिवाय वापरात राहिलेल्या जेनीवर देवदूताचा चेहरा बहुधा झिजलेला असतो, तर कोंबडा सहसा चांगल्या अवस्थेत मिळतो.

मात्र या चांगल्या अवस्थेमागचे कारण ग्राहकाने समजून घ्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये या नाण्यांना सोन्याच्या भावापेक्षा बरीच जास्त किंमत येऊ लागली, तेव्हा 1951 ते 1960 या काळात पॅरिसच्या टांकसाळीने 1907 ते 1914 याच जुन्या तारखांची साडेतीन कोटींहून अधिक नाणी नव्याने पाडली. ती बनावट नाहीत, वजन आणि कस तंतोतंत तेच आहेत, परंतु ‘पहिल्या महायुद्धापूर्वीचे नाणे’ अशी जाहिरात करून 1912 चे चकचकीत नाणे वाढीव भावाने विकणारा विक्रेता ग्राहकाला अर्धेच सत्य सांगत असतो.

यावरचा उपाय कडेवर आहे. 1899 ते 1906 च्या नाण्यांच्या कडेवर ‘देव फ्रान्सचे रक्षण करो’ या अर्थाचे फ्रेंच वाक्य उठावात आहे. 1905 साली चर्च आणि राज्यसंस्था वेगळ्या करणारा कायदा झाला, आणि 1907 पासून त्या जागी ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ आले. हीच घोषणा मागच्या बाजूवरही असल्यामुळे ते पुनरुक्तीचेच झाले. नवी पाडलेली नाणी या दुसऱ्या प्रकारची आहेत, त्यामुळे 1906 किंवा त्याआधीची तारीख असलेले अस्सल नाणे घेणाऱ्याला पुनर्मुद्रणाची शंका बाळगावी लागत नाही. केवळ सोन्यासाठी घेणाऱ्याला 1907 नंतरचे नाणे पुरेसे आहे. इतिहासासाठी घेणाऱ्याने 1899 ते 1906 मधलेच शोधावे, आणि किमतीत फरक थोडा असेल तर दुसरा विचार करू नये.

1929 ते 1936 ची शंभर फ्रँकची सोन्याची नाणीही बाजारात क्वचित दिसतात. त्यांचे वजन 6.55 ग्रॅम, म्हणजे जुन्या वीस फ्रँकच्या नाण्याहून जेमतेम दहावा भाग ग्रॅम अधिक. 1928 मध्ये फ्रँकचे मूल्य जुन्याच्या सुमारे एक पंचमांशावर आले, त्याचा हिशेब ही दोन नाणी शेजारी ठेवली की लगेच लागतो. पण त्यांची किंमत दुर्मीळतेची आहे, त्यामुळे संग्रहाची सुरुवात त्यांच्यापासून करण्याचा सल्ला मी देणार नाही.