घरी व्हेपचं लिक्विड मिसळायचा संच: माल चांगला, माहितीपत्रक अपुरं

आमच्या ह्यांची बावीस वर्षांची सिगारेट गेल्या वर्षी सुटली ती व्हेपमुळे, म्हणजे लिक्विडची वाफ ओढायच्या ई-सिगारेटमुळे. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, तयार लिक्विड महाग पडायला लागलं म्हणून घराजवळच्या दुकानातून हा संच आणला. मी स्वतः ओढत नाही, पण मोजमाप माझ्याकडे असतं.

संचात अर्धा लिटर पीजी, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, आणि तेवढंच व्हीजी, म्हणजे व्हेजिटेबल ग्लिसरीन. सोबत निकोटीनच्या 10 मिलीच्या चार बाटल्या (इथल्या कायद्याने याहून मोठी विकता येत नाही), आंब्याचा फ्लेवर, 60 मिलीच्या रिकाम्या बाटल्या आणि सिरिंजा. माल उत्तम आहे. व्हीजी नितळ, बिनवासाचं, ओतलं की एकतारी पाकासारखी धार धरतं. थंडीत मात्र बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते.

गडबड माहितीपत्रकात आहे. त्यात लिहिलंय, 'फ्लेवर आणि निकोटीन घाला, उरलेल्या जागेत पीजी-व्हीजी अर्धं-अर्धं.' मी तसंच केलं: फ्लेवर 6 मिली, निकोटीन 10, मग दोन्ही 22-22. ह्यांच्या छोट्या पॉडमधून (व्हेपची लिक्विड भरायची डबी) ते गळायला लागलं आणि पहिल्याच झुरक्याला जोरदार ठसका! दोन दिवस मी मिसळण्यातच चूक शोधत होते. मग निकोटीनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. ते पीजीमध्ये विरघळवलेलं होतं. फ्लेवरही पीजीतच. म्हणजे माझ्या बाटलीत पीजी झालं 38 मिली आणि व्हीजी 22. पीजी पातळ, घशाला लागतं. व्हीजी दाट, वाफ देतं. हे कुठे झालं अर्धं-अर्धं?

आता हिशोब शेवटाकडून धरते. 60 मिलीत दोन्ही 30-30 हवेत. पीजीचे 16 आधीच आलेत, म्हणून वरून 14च घालायचं आणि व्हीजी पूर्ण 30. निकोटीन मिलीला 18 मिलिग्रॅमचं, म्हणून त्याची एक बाटली 60 मिलीत घातली की मिलीला 3 मिलिग्रॅमची ताकद बरोबर येते. सिरिंजेवरचे आकडे चौथ्या वेळी पुसले गेले, तेव्हापासून वजनावर करते: पीजी साडेचौदा ग्रॅम, व्हीजी 37.8. व्हीजीचा एक मिली 1.26 ग्रॅम भरतो, पीजीचा 1.04 च्या आसपास. पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा काटा घ्याच.

हातमोजे संचात नाहीत, ते द्यायला हवे होते. निकोटीन कातडीतून अंगात जातं. घरात नात येते, म्हणून आमच्या बाटल्या कुलपात असतात. आणि केकचे तेलातले इसेन्स यात चुकूनही घालू नका, तेल फुप्फुसात जाता कामा नये.

मे महिन्यात सांगलीला जाऊ तेव्हा यातलं काहीच नेणार नाही. भारतात 2019 पासून बंदी आहे, तिथे ह्यांना निकोटीनचं च्युइंगगम.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वेळी संच नको, पीजी-व्हीजी सुटं घेईन आणि निकोटीन व्हीजीतलं मागेन.